स्पेनच्या खेड्यात गेस्टहाऊस चालवायचंय? मग घर सगळ्यात शेवटी घ्या

स्पेनमधल्या तेरुएल किंवा सोरियाकडच्या एखाद्या गावातल्या दगडी घराची लिंक कुणाकडून तरी मला येते, किंमत पुण्यातल्या वन बीएचकेपेक्षा कमी, मागे डोंगर, पुढे अंगण, आणि सोबत प्रश्न असतो की हे घेऊन गेस्टहाऊस चालू केलं तर कसं. बऱ्याचदा तोवर टोकनही देऊन झालेलं असतं. सगळं उलटं होतं ते तिथेच. व्हिसा कुठला मिळणार ते माहीत नाही, त्या घरात पाहुणे ठेवायची परवानगी मिळेल का ते विचारलेलं नाही, हिवाळ्यात ते गाव कसं असतं ते पाहिलेलं नाही, आणि पैसे मात्र अडकले.

आम्ही तेरुएलच्या डोंगराळ भागात राहतो, चार खोल्यांचं घर पाहुण्यांना देतो, आणि हा क्रम मला इतक्या वेळा समजावून सांगावा लागलाय की आता एकदाच नीट लिहून ठेवते. भारतीय पासपोर्टवाले डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. गोव्यातल्या ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांचा रस्ता बराच सोपा आहे, ते टप्पा १ मध्येच येईल.

टप्पा १: राहायचा आणि धंदा करायचा हक्क

घर विकत घेतलं म्हणजे स्पेनमध्ये राहता येतं हा गैरसमज अजून फिरतोय. पाच लाख युरोची प्रॉपर्टी घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा होता, तो ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला. आता घर कितीही महाग घ्या, त्यावर रेसिडेन्सी नाही.

उरलेले पर्याय थोडक्यात:

सेल्फ एम्प्लॉयमेंटचा परवाना, तिकडे त्याला कुएंता प्रोपिया म्हणतात. गेस्टहाऊस चालवायला सरळ लागणारा हाच. बिझनेस प्लॅन, पैसे कुठून येणार त्याचा पुरावा, तुमचा अनुभव किंवा शिक्षण हे सगळं लागतं, आणि प्लॅन तिथल्या स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या संघटनेकडून तपासून घेतला तर फाईलला वजन येतं. महाराष्ट्र-गोव्यात राहणाऱ्यांचा अर्ज मुंबईच्या स्पॅनिश कॉन्सुलेटच्या हद्दीत येतो.

नो लुक्रातिवा, म्हणजे स्वतःच्या बचतीवर किंवा पेन्शनवर राहायचा व्हिसा. यात काम करता येत नाही. रिटायर होऊन जाणारी मंडळी हा घेतात आणि म्हणतात दोन खोल्या देऊ भाड्याने, कोण बघतंय. पाहुण्यांची नोंद थेट पोलिसांच्या सिस्टिममध्ये जाते, त्यामुळे बघणारे बघतात. हे करू नका.

डिजिटल नोमॅड व्हिसा, स्पेनबाहेरच्या कंपनीसाठी रिमोट काम करणाऱ्यांचा. नवरा-बायकोपैकी एकजण यावर आणि खेड्यात राहून पुढचं ठरवायचं, असं करणारी बरीच जोडपी आहेत. मला हा रस्ता समजूतदार वाटतो कारण गेस्टहाऊसच्या उत्पन्नावर पहिल्या दिवसापासून जगायची वेळ येत नाही. पण गेस्टहाऊसचं काम या व्हिसात बसतं का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय धरून चालू नका.

पोर्तुगीज किंवा दुसऱ्या कुठल्याही युरोपियन युनियनच्या देशाचा पासपोर्ट असेल तर व्हिसा लागत नाही, तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर तिथे जाऊन नोंदणी करायची आणि कामाला लागायचं. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना मात्र ब्रेक्झिटनंतर आपल्याच रांगेत उभं राहावं लागतं.

कागद जमवताना पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, लग्नाचा दाखला, डिग्री यांच्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का) आधी आणि मग स्पॅनिशमध्ये भाषांतर, तेही अधिकृत शपथबद्ध भाषांतरकाराकडून. उलटं केलं तर अपोस्टिलच्या शिक्क्याचं भाषांतर राहून जातं आणि परत पैसे जातात.

इशारा: भारतातून पैसे पाठवणार असाल तर एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाख रुपयांच्या वर टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँकेने घ्यायचा कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना ॲडजस्ट होतो पण तोपर्यंत ती रक्कम हातात नसते. बजेट बनवताना हे धरा.

टप्पा २: भाग निवडा, पण कायदा बघून

पाहुणे ठेवण्याचे नियम माद्रिदमधून येत नाहीत. स्पेनमध्ये १७ स्वायत्त प्रदेश आहेत आणि टुरिझमचा कायदा प्रत्येकाचा वेगळा. एकच प्रकारचं घर आंदालुसियात कासा रुराल, अस्तुरियासमध्ये कासा दे आल्देआ, आरागोनमध्ये ग्रामीण पर्यटनाचं घर, बास्क भागात आग्रोतुरिस्मो. खोल्यांचं माप, बाथरूमची संख्या, किती माणसं ठेवता येतात, मालकाने तिथे राहायला पाहिजे का, सगळं बदलतं. यूट्यूबवर कुणी आंदालुसियातल्या मालागाजवळच्या घराबद्दल सांगतंय ते तेरुएलमध्ये चालेलच असं नाही, आणि लोक नेमकं तेच धरून बसतात.

म्हणून आधी दोन प्रदेश निवडा, त्यांच्या टुरिझम खात्याच्या साईटवर ग्रामीण निवासाचा सध्याचा आदेश शोधा, भाषांतर करून पूर्ण वाचा. कंटाळवाणं काम आहे, पण घर बघायला जाताना हातात मापं असतात.

मग पाहुणे कोण येणार ते बघा. खेड्यातल्या घरांचा मुख्य ग्राहक परदेशी टुरिस्ट नसतो, तो असतो दोन-अडीच तासांवरच्या शहरातला स्पॅनिश कुटुंबाचा किंवा मित्रांचा ग्रुप, जो शुक्रवारी रात्री येतो आणि रविवारी जेवून जातो. त्यामुळे माद्रिद, बार्सिलोना, वालेन्सिया, सारागोसा, बिल्बाओ यांच्यापासून गाडीने किती वेळ लागतो हे समुद्र किती लांब आहे यापेक्षा महत्त्वाचं. मातारान्याचा भाग, म्हणजे वाल्देर्रोब्रेस, बेसेइते, कालासेइते वगैरे, बार्सिलोना आणि वालेन्सिया दोन्हीकडून जवळ पडतो म्हणून तिथे वीकेंड भरतात, घरंही त्यामानाने महाग.

इशारा, आणि हा आपल्याला खास लागू: युरोपियन युनियनबाहेरच्या माणसाला काही पट्ट्यांत गावाबाहेरची जमीन घ्यायची असेल तर लष्कराची परवानगी लागते. पोर्तुगालच्या आणि फ्रान्सच्या सीमेलगतचा पट्टा, गालिसिया, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीजवळचा भाग, कादिसचा उपसागर, कार्ताहेना, बालेआरिक आणि कॅनरी बेटं. १९७५ चा कायदा आहे, अजून लागू आहे. परवानगी मिळते, पण महिने जातात, आणि एजंटला हे माहीत असेलच असं नाही कारण त्याचे बहुतेक ग्राहक युरोपियन असतात.

टप्पा ३: हिवाळ्यात भाड्याने राहा

हा टप्पा सगळे गाळतात. ऑगस्टमध्ये गाव बघतात, तेव्हा शहरातून सगळे आलेले असतात, पोरं चौकात, बार भरलेला, रात्री बारापर्यंत म्हातारी मंडळी दारासमोर खुर्च्या टाकून बसलेली. तेच गाव जानेवारीत बघा. बंद खिडक्या, बार उघडा असेल तर नशीब, तेरुएल-सोरियाकडे काही रात्री तापमान उणे दहाच्या आसपास.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी यातला जमेल तितका वेळ तिथे भाड्याने राहा. राहताना ही यादी स्वतः तपासा:

डॉक्टर आठवड्यात कुठल्या दिवशी येतो. लहान गावात छोटं कोन्सुल्तोरियो, म्हणजे सरकारी दवाखाना असतो, डॉक्टर ठरावीक दिवशी काही तासच.
पाव कुठून येतो. बेकरी नसेल तर पाववाल्याची व्हॅन हॉर्न वाजवत येते, किती वाजता आणि कुठे थांबते ते बघा, कारण उद्या तुमचे पाहुणे विचारणार.
फायबर इंटरनेट घरापर्यंत येतं का, आणि मोबाईलला कुठल्या कंपनीची रेंज आहे.
मुलं असतील तर शाळा. आसपासच्या गावांची मिळून एक ग्रामीण शाळा असते, आणि पटसंख्या इतकी कमी की तुमच्या दोन मुलांमुळे वर्ग टिकू शकतो. आयुंतामिएंतो, म्हणजे नगरपालिका, याचा विचार नक्की करते.
गाडी. गाडीशिवाय हे जमणार नाही. भारतीय लायसन्स रेसिडेंट झाल्यावर सहा महिनेच चालतं, नंतर स्पॅनिश परीक्षा देऊन लायसन्स काढावं लागतं, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. पहिल्या महिन्यातच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घाला.

पुढे जाण्याआधी: स्पॅनिश किती येतं? फोनवर प्लंबरला पाईप कुठे गळतोय हे सांगता येईल इतकं हवं. खेड्यात इंग्रजी चालत नाही.

टप्पा ४: घर शोधा, पण सही नको

आता घरं बघा. वेबसाईटवर असतात त्यापेक्षा जास्त घरं चौकातल्या बारमध्ये कळतात, फोटोत न आलेली. आवडलं की सहीआधी खालचं सगळं, याच क्रमाने.

अ. नोता सिंप्ले काढा. प्रॉपर्टी रजिस्ट्रीचा उतारा, ऑनलाईन दहा युरोच्या आसपास मिळतो. मालक कोण, कर्ज किंवा बोजा आहे का, कुणाचा राहण्याचा हक्क आहे का, हे यात कळतं. त्याच घराचा कातास्त्रोमधला, म्हणजे मालमत्तांच्या सरकारी मोजणी-नोंदीतला, नकाशा फुकट बघता येतो. दोन्हीतलं क्षेत्रफळ जुळवा. रजिस्ट्रीत ९० चौरस मीटर आणि कातास्त्रोत १६० असं सर्रास असतं, कारण आजोबांनी मागे गोठा बांधला, मग त्याची खोली झाली, नोंद कुणी केली नाही. विकणाऱ्याने हे आधी दुरुस्त करून द्यायचं, नंतर तुमच्या डोक्याला ताप.

ब. मालक किती आहेत. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली नसते तसंच इथे असतं. आजी वारली, चार मुलं, एक सारागोसात, एक बार्सिलोनात, एक अर्जेंटिनाला गेला तो गेलाच, आणि घर अजून आजीच्याच नावावर. जो भाऊ तुम्हाला घर दाखवतोय तो एकटा विकू शकत नाही. सगळ्यांनी वारसा स्वीकारून नोंद करेपर्यंत एक युरोही देऊ नका, किल्ली दिली तरी घेऊ नका.

क. जमिनीचा प्रकार. गावातलं घर असेल तर सहसा अडचण नसते. गावाबाहेरचं, शेतातलं, सुएलो रुस्तिकोवरचं (ग्रामीण, शेतजमिनीच्या प्रकारातल्या जागेवरचं) घर असेल तर आयुंतामिएंतोकडे लेखी विचारा: हे घर कायदेशीर आहे का, इथे पर्यटन निवासाला परवानगी मिळते का. अर्जाचा फोटो, त्यावरचा आवक शिक्का आणि लेखी उत्तर, तिन्ही जपा. नगराध्यक्ष बारमध्ये खांद्यावर हात ठेवून काही अडचण नाही म्हणाला तर छानच, पण तो पुढच्या निवडणुकीत बदलू शकतो, लेखी उत्तर टिकतं.

ड. पाणी आणि सांडपाणी. गावच्या नळाचं पाणी असेल तर सोपं. विहीर किंवा बोअर असेल तर त्याची नोंद त्या नदीखोऱ्याच्या प्राधिकरणाकडे आहे का, आणि पाहुण्यांना पिण्यासाठी द्यायचं तर तपासणी लागते. सेप्टिक टँक कुठे आहे ते विकणाऱ्याला चालत नेऊन दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर तो नाहीये असं समजा.

इ. भिंती, छप्पर, वीज. जुनी घरं दगड आणि चुन्याची. चांगली घरं सिमेंटनेच बिघडवलेली दिसतात. खालच्या मीटरभर भिंतीला कुणीतरी ओल लपवायला सिमेंटचा गिलावा मारतं, मग ओल बाहेर पडायची बंद होते आणि आतून वर चढते. हात लावून बघा, भिंत गार आणि सिमेंटच्या रेषेच्या वर रंग फुगलेला, पापुद्रे सुटलेले असतील तर तेच आहे. तो गिलावा काढून परत चुना करायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. छपरासाठी आत जाऊन लाकडी तुळयांची टोकं बघा, जिथे ती भिंतीत घुसतात तिथेच कुजतात. वीज किती किलोवॅटची आहे ते बिलावर लिहिलेलं असतं, जुन्या घरात तीन-साडेतीनचं कनेक्शन असतं, त्यावर ओव्हन, गीझर आणि दोन हीटर एकदम चालले की ट्रिप होणारच.

हे सगळं एका आर्किटेक्टला किंवा तिकडच्या अपारेहादोरला, म्हणजे बांधकाम तपासणाऱ्या तंत्रज्ञाला, घेऊन करा. काही शे युरो जातात, त्यात हजारो वाचतात.

टप्पा ५: खरेदी

आता टोकन. त्याला आरास म्हणतात, साधारण किमतीच्या १० टक्के. नेहमीच्या प्रकारच्या करारात तुम्ही माघार घेतली तर रक्कम गेली, विकणाऱ्याने घेतली तर त्याने दुप्पट परत द्यायची. करारात एक अट घालून घ्या: पर्यटन निवासाला आयुंतामिएंतोने लेखी नकार दिला किंवा लष्करी परवानगी नाकारली गेली तर रक्कम पूर्ण परत. बहुतेक विकणारे मान्य करतात, जो अजिबात ऐकत नाही त्याला काहीतरी ठाऊक आहे असं धरून चाला.

परदेशी माणसाचा ओळख क्रमांक, एनआयई, आधी काढलेला पाहिजे. त्याच्याशिवाय खरेदी होत नाही, वीज जोडणीही नाही. खरेदी नोतारियोसमोर, म्हणजे तिकडच्या नोटरीसमोर होते, नंतर रजिस्ट्रीत नोंद. लक्षात ठेवा, नोतारियो तुमचा वकील नसतो. तो कागदाची कायदेशीर बाजू बघतो, तुमच्या फायद्याची नाही. स्वतःचा वकील वेगळा.

जुन्या घरावर खरेदीचा कर प्रदेशाप्रमाणे साधारण ६ ते १० टक्के, वर नोतारियो, रजिस्ट्री, वकील. किमतीच्या वर १० ते १३ टक्के वेगळे काढून ठेवा.

टप्पा ६: कामाला हात लावण्याआधी ग्रँटचा अर्ज

ग्रामीण भागात युरोपियन युनियनच्या लीडर योजनेतून गेस्टहाऊससाठी मदत मिळू शकते, स्थानिक कृती गटामार्फत, प्रत्येक तालुक्यासारख्या भागाचा एक गट असतो. यात लोक दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक, अर्जाआधी काम सुरू करतात. काम सुरू झालेलं नाही याची पाहणी होते, भिंत पाडलेली दिसली की विषय संपला. दोन, पैसे आधी मिळतील असं धरतात. पैसे काम पूर्ण झाल्यावर, बिलं आणि बँकेतून केलेलं पेमेंट दाखवल्यावर येतात, म्हणजे पूर्ण रक्कम आधी तुमच्याकडे पाहिजे. गवंड्याला रोख दिलेले पैसे धरले जात नाहीत.

ग्रँट मिळाली नाही तरी चालेल असाच हिशोब करा, मिळाली तर बोनस.

त्यानंतर बांधकामाचा परवाना. किरकोळ कामाला साधा, भिंती हलवणं, छप्पर, वापर बदलणं याला आर्किटेक्टचा प्रोजेक्ट लागतो. गवंडी ठरवताना तीन कोटेशन घ्या, त्यातलं एक तरी गावातल्याच माणसाचं, आणि शक्य असेल तर काम त्यालाच द्या. थोडं महाग पडलं तरी पाईप फुटला की रविवारी येणार तोच. ऑगस्टमध्ये काम पुढे सरकणार नाही, हे वेळापत्रकात आधीच लिहा, नंतर चिडू नका.

काय करून घ्यायचं? हीटिंग सगळ्यात आधी. पेलेटचा (दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणारा) बॉयलर किंवा चांगली लाकडाची शेगडी आणि प्रत्येक खोलीत रेडिएटर. स्विमिंग पूलचा मोह टाळा, नियम वेगळे, देखभाल वेगळी, आणि वापर दोन महिने. त्यापेक्षा मोठं जेवणाचं टेबल घ्या, जेवढी माणसं झोपतात तेवढी एकदम बसतील असं. ग्रुपला रात्री एकत्र जेवायचं असतं, दहाजणांच्या घरात सहाचं टेबल असेल तर रिव्ह्यूमध्ये तेच येतं.

टप्पा ७: नोंदणी

बहुतेक प्रदेशांत आता आधी परवानगी घ्यायची नसते, देक्लारासिओन रेस्पोन्साब्ले भरायचं, म्हणजे आम्ही सगळ्या अटी पूर्ण केल्यात असं जबाबदारीने लिहून द्यायचं, आणि चालू करायचं. लोकांना वाटतं फॉर्म भरला म्हणजे झालं. इन्स्पेक्शन नंतर येतं, आणि तेव्हा खोली अर्धा मीटर कमी निघाली तर बंद करावं लागतं. फॉर्म भरताना टप्पा २ मध्ये काढलेली मापं परत मोजा.

सोबत लागणारं: सिव्हिल लायबिलिटीचा इन्शुरन्स, दारावरची अधिकृत पाटी, अग्निशामक, फर्स्ट एड, दिसेल अशा जागी तक्रारीचे फॉर्म उपलब्ध असल्याची सूचना. हे तक्रारीचे फॉर्म, ओहास दे रेक्लामासिओनेस, मागितल्यावर लगेच द्यायचे, नाहीत म्हणणं हाच वेगळा गुन्हा. नाश्ता किंवा जेवण देणार असाल तर अन्न हाताळणीचं प्रशिक्षण आणि १४ ॲलर्जनची माहिती.

मग करखाता आणि सोशल सिक्युरिटीत आउतोनोमो, म्हणजे स्वयंरोजगार करणारा, म्हणून नाव. नव्याने सुरू करणाऱ्यांना पहिल्या वर्षी सोशल सिक्युरिटीचा मासिक हप्ता सवलतीचा असतो, नंतर उत्पन्नाप्रमाणे. हॉटेलसारख्या सेवेवर व्हॅट १० टक्के, रिटर्न दर तीन महिन्यांनी. हे सगळं स्वतः करत बसू नका, जवळच्या मोठ्या गावातल्या हेस्तोरियाकडे, म्हणजे कर आणि कागदपत्रांची कामं करणाऱ्या ऑफिसकडे द्या, महिन्याला ठरावीक पैसे घेतात आणि तारखा चुकू देत नाहीत.

इशारा: वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही स्पेनचे कर-रहिवासी. मग भारतातली एफडी, म्युच्युअल फंड, ठाण्यातला फ्लॅट, एकेका प्रकारात ५०,००० युरोच्या वर गेला तर मोदेलो ७२० मध्ये, म्हणजे परदेशातल्या मालमत्तेच्या फॉर्ममध्ये, ३१ मार्चपर्यंत जाहीर करायचं. हे हेस्तोरियावाला स्वतःहून विचारेलच असं नाही, तुम्ही सांगा.

टप्पा ८: पाहुणे येण्याचा दिवस

प्रत्येक पाहुण्याची माहिती सरकारला द्यावी लागते. २ डिसेंबर २०२४ पासून हे सेस ओस्पेदाहेस नावाच्या प्लॅटफॉर्मवर होतं, कातालुन्या आणि बास्क भागात तिथल्या पोलिसांची वेगळी व्यवस्था आहे. बुकिंग आलं की २४ तासांत आणि पाहुणे आले की परत २४ तासांत. १४ वर्षांवरच्या सगळ्यांची सही. रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं. चुकलं तर दंड शंभर युरोपासून सुरू होतो आणि गंभीर प्रकारात ३०,००० पर्यंत जातो.

पासपोर्टचा फोटो काढून ठेवू नका, डेटा प्रोटेक्शनवाल्यांनी कॉपी घेण्याला विरोध केलाय. कागद बघायचा, माहिती लिहायची, परत द्यायचा.

दर ठरवताना दोन प्रकार: खोलीप्रमाणे किंवा पूर्ण घर. पूर्ण घर ग्रुपला देणं सोपं आणि स्पॅनिश लोकांना तेच हवं असतं, खोलीप्रमाणे दिलं तर रोज नाश्ता आणि रोज साफसफाई. एकट्याने चालवणार असाल तर पूर्ण घर. वीकेंडला किमान दोन रात्री, सलग सुट्ट्यांना, म्हणजे इस्टरचा आठवडा, १२ ऑक्टोबर, ६ आणि ८ डिसेंबर, किमान तीन. या सुट्ट्या आणि ऑगस्ट यातच वर्षाचा बराचसा पैसा येतो, मधले सोमवार ते गुरुवार रिकामेच राहतात असं धरून हिशोब करा, आणि रिकामे दिवस भरायला भाव पाडत बसू नका, तेवढ्यात हीटिंगचंही निघत नाही.

रविवारी सकाळी अकराला घर सोडा म्हटलं तर स्पॅनिश ग्रुप नाराज होतो. सोमवारी कुणी येणार नसेलच तर संध्याकाळपर्यंत राहू द्या. एक रुपया खर्च न करता मिळणारा चांगला रिव्ह्यू.

येण्याच्या आदल्या दिवशीची चेकलिस्ट:
हीटिंग किमान सहा-आठ तास आधी चालू, दगडी भिंती हळूहळू तापतात.
गॅसचा नारिंगी सिलेंडर, भरलेला एक जादा. गाडी ठरावीक दिवशीच येते.
लाकडं आत, कोरडी, आणि पेटवायला बारीक काड्या.
बार्बेक्यूला त्या महिन्यात परवानगी आहे का. उन्हाळ्यात वणव्यामुळे उघड्यावर आग पेटवायला बंदी असते आणि दंड मोठा असतो, पाहुण्यांना लेखी कळवा.
रविवारी उघडं काय आहे, पाववाला कधी येतो, जवळचं हॉस्पिटल किती लांब, आणीबाणीचा ११२ नंबर, हे एका कागदावर.
गावात त्या वीकेंडला फिएस्ता, म्हणजे गावची जत्रा असेल तर आधी फोन करून सांगा. बँड पहाटेपर्यंत वाजतो. ज्यांना शांतता हवी ते तारीख बदलतात, बाकीचे खूश होतात.

भारतीय पाहुणे येणार असतील तर आणखी एक. गावातल्या बारमध्ये मांस नको म्हटलं तरी मिक्स सॅलडवर ट्यूना येतो आणि भाजीत हॅमचे तुकडे असतात, त्यांच्या लेखी ते मांसात धरत नाहीत. बारवाल्याशी आधी बोलून ठेवा, मांस नको, मासे नको, हॅम पण नको, तिन्ही वेगवेगळं सांगा. अंडं-बटाट्याचं तोर्तिया, भाजलेल्या मिरच्या, टोमॅटो चोळलेला पाव, मसूर, एवढं सगळीकडे होतं, फक्त मसुरात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालू नका म्हणायचं.

टप्पा ९: गावात गावचं होऊन राहणं

याला टप्पा म्हणून नंबर देतेय कारण धंदा यावरच चालतो. गावाने तुम्हाला आपलं मानलं नाही तर पाहुण्यांच्या गाड्या कुणाच्या दारात लागल्या यावरून वर्षभर भांडणं.

पहिलं काम, आयुंतामिएंतोत एम्पाद्रोनामिएंतो, म्हणजे रहिवासी म्हणून नाव. शंभर-दोनशे वस्तीच्या गावात प्रत्येक नाव मोजलं जातं, गावाला मिळणारा निधी आणि सोयी त्यावर ठरतात.

दुसरं, रस्त्यात दिसेल त्याला बुएनोस दियास. ओळख असो नसो. न बोलता गेलात तर लाजाळू नाही, गर्विष्ठ समजतात.

खरेदी गावात. दुकान असेल तर दूध-अंडी-वाईन तिथूनच, सुपरमार्केटमध्ये थोडं स्वस्त असलं तरी. दुकान बंद पडलं तर तुमच्या पाहुण्यांना कॉफीसुद्धा मिळणार नाही. रविवारी चर्च सुटल्यावर बारमध्ये वेर्मुत (मसाले घातलेली वाईन) घ्यायला अख्खं गाव असतं, दारू घेत नसाल तर नुसतं सोडा-लिंबू घ्या पण उभे राहा. कुणाकडे गवंड्याचा नंबर, कुणाकडे ऑलिव्हचं लाकूड, कुठली विहीर आटली, सगळं तिथे कळतं. दुपारी दोन ते पाच मात्र कुणाचं दार वाजवू नका, ड्रिल मशीन तर अजिबात नाही.

फिएस्ताच्या तयारीत हात लावा. टेबलं मांडा, मोठ्या पातेल्यातल्या पाएल्याला, म्हणजे तिकडच्या मसालेभातासारख्या पदार्थाला, कांदा चिरा, वर्गणी द्या. आपल्याकडे गावच्या जत्रेत जसं कोण आलं कोण नाही ते लक्षात राहतं, इथेही राहतं. आणि एकदा तरी आपलं जेवण घाला, कमी तिखटाचं. आमच्या गल्लीत बटाटेवडा चालतो, कारण बटाटा ओळखीचा.

शेजाऱ्याने टोमॅटो, भोपळे, अंडी दिली तर पैसे विचारू नका, वाईट वाटतं. पिशवी रिकामी परत करू नका, एवढं मराठी घरात कुणाला शिकवावं लागत नाही.

वार्षिक सुट्टी जानेवारी-फेब्रुवारीत ठेवा, बुकिंग तसंही कमी असतं आणि भारतात यायला हवा चांगली. निघताना पाण्याचा मेन बंद करून नळ उघडे ठेवा म्हणजे पाईप रिकामे होतील, नाहीतर गोठून फुटतात, बॉयलरला अँटीफ्रीझ आहे का बघा, बुकिंगच्या साईटवरचं कॅलेंडर ब्लॉक करा, आणि एक किल्ली शेजारी द्या, मेन कुठे आहे ते त्याला प्रत्यक्ष हाताने फिरवून दाखवून.